धंदा सुरू करताय? आधी प्रशिक्षण, मग गिऱ्हाईक, मग बँक

जिल्हा उद्योग केंद्राच्या व्हरांड्यात कुठल्याही कामाच्या दिवशी जरा वेळ थांबलात तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "साहेब, सबसिडी कशाला चालू आहे?" म्हणजे सबसिडी ज्याला असेल तो धंदा करायचा. एका गावात शेळीपालनाची दोन प्रकरणं मंजूर झाली की पुढच्या महिन्यात वीस अर्ज शेळ्यांचेच. हा प्रश्न शेवटचा आहे, पहिला नव्हे, आणि हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

महाराष्ट्रात नवख्या उद्योजकाला मदत करणाऱ्या संस्था कमी नाहीत. अडचण अशी की कुणाकडे केव्हा जायचं हे एका ठिकाणी कुणी सांगत नाही. मग माणूस थेट बँकेत जातो, तिथून उद्योग केंद्रात, तिथून एजंटाकडे. इथे विचार केला आहे तो लाखभरापासून वीस-पंचवीस लाखांपर्यंतच्या उद्योगाचा : मसाले, बेकरी, शिवणकाम, फॅब्रिकेशन, दुरुस्तीचं दुकान, डेअरीचे पदार्थ. गुंतवणूकदार शोधणाऱ्या सॉफ्टवेअर स्टार्टअपची वाट वेगळी आहे, ती इथे नाही.

पायरी 1 : शिकून घ्या, तेही फुकट

सुरुवात आरसेटीपासून करा. पूर्ण नाव ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. 1982 साली कर्नाटकातल्या उजिरे इथे धर्मस्थळच्या न्यासाने सिंडिकेट आणि कॅनरा या दोन बँकांना बरोबर घेऊन बेकार तरुणांसाठी अशी एक संस्था काढली. तो नमुना यशस्वी झाला म्हणून केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने तो देशभर नेला. आता जिल्ह्याची जी अग्रणी बँक असते, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचं काम जुळवणारी, ती आपल्या जिल्ह्यात आरसेटी चालवते. कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरीत ही बँक ऑफ इंडियाची, म्हणून तिथल्या पाटीवर 'स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था' असं दिसेल. पुणे, सातारा, नाशिककडे बँक ऑफ महाराष्ट्र.

प्रशिक्षण मोफत, राहणं मोफत, जेवणही मोफत. अभ्यासक्रम दहा दिवसांपासून दीड महिन्यापर्यंतचे : शिवणकाम, ब्यूटी पार्लर, दुचाकी दुरुस्ती, मोबाईल दुरुस्ती, घरगुती वायरिंग, शेळीपालन, पापड-लोणची-मसाले. गावातल्या, त्यातही दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या उमेदवारांना प्राधान्य असतं. फोनवर चौकशी करून थांबू नका, एकदा समक्ष जा आणि वर्षाचं बॅचचं वेळापत्रक मागून घ्या. पुरेशी माणसं जमली नाहीत की बॅच पुढे ढकलली जाते. तुमच्याच गावातले चार-पाच जण तयार असतील तर ती लवकर लागते. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांना हे बरोबर ठाऊक असतं.

आरसेटीचा खरा फायदा माहितीपत्रकात नसतो. तिथला संचालक हा बँकेचाच अधिकारी असतो, प्रतिनियुक्तीवर आलेला. कर्जाच्या फायली मंजूर का होतात आणि परत का जातात, हे त्याने खुर्चीच्या त्या बाजूला बसून पाहिलेलं असतं. प्रशिक्षणाच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्याकडून अर्धा तास मागून घ्या आणि सरळ विचारा, "माझ्या धंद्यासाठी तुमच्याकडे कर्ज मागायला आलो तर तुम्ही काय काय विचाराल?" बाहेरचा सल्लागार यासाठी पैसे घेतो. शिवाय प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करणं हे आरसेटीचं कामच आहे. त्यांचा फोन आला की टाळू नका. बँकेत प्रकरण अडकलं असेल तर तेव्हाच सांगायचं.

दुसरी संस्था एमसीईडी, म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र. 1988 साली स्थापना, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यालयं. आरसेटीत हाताचं काम शिकवण्यावर भर, तर एमसीईडीत उद्योग चालवण्यावर : बाजारपाहणी, किंमत ठरवणं, प्रकल्प अहवाल, हिशेब. या उद्योजकता विकास कार्यक्रमाला सगळे ईडीपी म्हणतात. काही कार्यक्रम शासनाच्या पैशातून मोफत, काहींना फी. नाव नोंदवण्याआधी एवढं विचारा की मिळणारं प्रमाणपत्र कर्जयोजनेच्या सक्तीच्या प्रशिक्षणाला चालतं का. काही वेळा चालत नाही, आणि मग तेच सगळं पुन्हा ऐकत बसावं लागतं.

ईडीपीत पहिल्या-दुसऱ्या दिवशी खेळ घेतात, आणि बरेच जण "हे काय लहान मुलांसारखं" म्हणून तोंड वाकडं करतात. एका खेळात जमिनीवर खुंटी ठेवून लांबून तिच्यात कडी टाकायची असते. किती अंतरावरून टाकायची, ते तुम्हीच ठरवायचं. कुणी खुंटीला चिकटून उभा राहतो. दहाच्या दहा कड्या पडतात, पण गुण अगदीच कमी. कुणी भिंतीला टेकून फेकतो, एखादी लागली तर लागली. तिसरा मधलं अंतर धरतो आणि दोन कड्या चुकल्या की अर्धं पाऊल पुढे सरकतो. दुसऱ्या खेळात डोळ्यांवर पट्टी बांधून, सवय नसलेल्या हाताने ठोकळ्यांचा मनोरा रचायचा, आणि किती ठोकळे रचणार हे आधी जाहीर करायचं. बाजूला दोघं उभे, एक धीर देणारा आणि एक घाबरवणारा. या खेळांमागे मोठा इतिहास आहे. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1964 च्या सुमारास आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांवर असं प्रशिक्षण करून पाहिलं, आणि आपल्याकडच्या उद्योजकता प्रशिक्षणाचा साचा बराचसा तिथून आला. माझं मत विचाराल तर आठवडाभराच्या व्याख्यानांपेक्षा ही कडी फेकण्याची वीस मिनिटं जास्त उपयोगी. कर्ज किती मागायचं याचा निर्णय माणूस पुढे नेमका त्याच स्वभावाने घेतो.

खाद्यपदार्थांचं काम असेल तर जवळचं कृषी विज्ञान केंद्र विसरू नका. राहुरी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत प्रक्रियेचं तांत्रिक ज्ञान आहे. कोकम, काजू, आंबा यांचं काही करायचं असेल तर दापोलीला पर्याय नाही. महिलांसाठी माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, 1975 पासून आहे. पुण्याच्या आसपास असाल तर मराठा चेंबर या उद्योजक-व्यापाऱ्यांच्या संघटनेचे कार्यक्रम बघत जा.

आणि एक इशारा. हॉटेलच्या हॉलमध्ये "एका दिवसात उद्योजक" अशी पाच हजारांची सेमिनारं भरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्याहून वाईट म्हणजे "मशीन आमच्याकडून घ्या, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच विकत घेऊ" ही जाहिरात. अगरबत्ती, कापसाच्या वाती, द्रोण-पत्रावळ्या, कापूर, सगळ्यात ही तऱ्हा चालते. पहिल्या एक-दोन खेपा उचलतात, मग "क्वालिटी बसत नाही" असं सांगून माल परत, आणि नंतर फोन बंद. माल घेणारा आणि मशीन विकणारा एकच असेल तर तो मशीनचा धंदा करतोय, तुमच्या मालाचा नाही.

पायरी 2 : विकून बघा आणि किलोमागे हिशेब मांडा

शिकून झालं की लगेच यंत्र घ्यायचं नाही. भाड्याच्या, शेजारच्या, डंकावाल्याच्या यंत्रावर थोडा माल काढा आणि विका. नातेवाइकांना विकलेला माल मोजू नका, ते पहिल्यांदा कौतुकाने घेतात. अनोळखी माणूस दुसऱ्यांदा मागायला आला तर ते खरं गिऱ्हाईक.

हिशेब कसा मांडायचा ते एका उदाहरणाने बघू. समजा, सांगली-कोल्हापूरकडची एक ताई कांदा-लसूण मसाला करते. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या बाजारातले तुम्ही घाला. मिरची, धणे, खोबरं, तीळ, लसूण, कांदा, तेल, खडा मसाला मिळून कच्चा माल किलोला 330 रुपये. आता देठ काढले, भाजलं, वाळवलं, कुटलं की दहा किलोचे नऊ किलोच हाती येतात. म्हणजे तयार मसाल्याच्या किलोला 367. बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो, घट कुणी धरत नाही. पुढे कांडप 30, पाव किलोची चार पाकिटं लेबलसकट 24, गॅस आणि वीज 10, पोचवायचा खर्च 15. झाले 446. आणि ताईची मजुरी? "घरचीच माणसं आहेत" म्हणून ती शून्य धरण्याची पद्धत आहे. ती पद्धत सोडा. दिवसाला दहा किलो होतो आणि रोज 400 रुपये धरला तर किलोला 40. एकूण 486.

पाकिटावर भाव 600 रुपये किलोचा. थेट घरोघर विकला तर 114 रुपये सुटतात. किराणा दुकानात ठेवला आणि दुकानदाराने 20 टक्के कापले तर हातात 480 येतात, म्हणजे किलोमागे सहा रुपये खिशातून गेले. एकच मसाला, एकच भाव, एका वाटेने धंदा आणि दुसऱ्या वाटेने समाजसेवा. हे कागदावर मांडेपर्यंत कळत नाही, कारण विक्री होत असते, पैसे येत असतात आणि हंगामभर सगळं छान वाटतं.

असा हिशेब एका वहीत, तारीख घालून, किमान दोन-तीन महिने लिहा. पुढे बँकेत या वहीसारखा पुरावा नाही.

पायरी 3 : कागदपत्रं

यावर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही, पण क्रम ठेवा. आधी उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची केंद्र सरकारकडची नोंदणी. आधार आणि पॅन लागतं, एक रुपयाही लागत नाही. 1 जुलै 2020 पासून ही ऑनलाइन पद्धत आहे. सर्च केलं की वर जाहिरातीत सरकारी वाटणाऱ्या आणि हजार-दोन हजार मागणाऱ्या खासगी साइट येतात, म्हणून पत्ता 'जीओव्ही डॉट इन' ने संपतो का ते बघा.

दुकान किंवा वर्कशॉपला शॉप अ‍ॅक्ट लागतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानुसार थोडे कामगार असलेल्या आस्थापनेला परवाना नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. खाद्यपदार्थ असतील तर अन्नसुरक्षा नोंदणी : छोट्या उलाढालीला मूळ नोंदणी पुरते, फी नाममात्र. पाकीटबंद माल असेल तर लेबलवर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हवा, आणि वैधमापन खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी. लेबल छापण्याआधी ही यादी पूर्ण करा, नाहीतर पाच हजार छापील पाकिटं रद्दीत. जीएसटी वस्तूंसाठी 40 लाख आणि सेवांसाठी 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीचा नाही, मात्र दुसऱ्या राज्यात माल विकायचा असेल तर आधीच घ्यावा लागतो. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि जागेचा उतारा किंवा भाडेकरार काढून ठेवा. चालू खातं ज्या शाखेतून कर्ज घ्यायचा विचार आहे तिथेच उघडा आणि विक्रीचे पैसे त्यात फिरवा.

पायरी 4 : आता सबसिडी

योजना चार-पाच आहेत, आणि प्रत्येकाला वेगळी सोयीची.

पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, केंद्राची, 2008 पासूनची. सीएमईजीपी म्हणजे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, राज्याची, 2019 पासूनची. दोन्हींचा सांगाडा सारखा. सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात 15 आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान, स्वतःचा वाटा 10 टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, अल्पसंख्याक, दिव्यांग आणि माजी सैनिकांना शहरात 25, ग्रामीण भागात 35 टक्के, स्वतःचा वाटा 5 टक्के. दोन्हींत हे दर फक्त नव्या उद्योगाला. आधीच चालू असलेल्या युनिटला नाही, आणि एका कुटुंबातून एकच. सीएमईजीपीला सुरुवातीला वयाची वरची मर्यादा 45 होती, राखीव गटांना पाच वर्षं सवलत. आजची अट उद्योग केंद्रात विचारून घ्या. पीएमईजीपीला वरची मर्यादा नाही. पंचेचाळिशी उलटलेल्याने वयावरून नाउमेद व्हायचं कारण नाही ते यामुळे.

खाद्यप्रक्रियेत असाल तर पीएमएफएमई, म्हणजे पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, आधी बघा. ही 2020 ची केंद्राची योजना, आपल्याकडे कृषी विभाग राबवतो. 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख रुपये, आणि इथे प्रवर्गाचा किंवा शहर-खेड्याचा भेद नाही. शिवाय चालू उद्योगाच्या विस्तारालाही मिळतं. म्हणजे शहरात बेकरी टाकणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला एका योजनेत 15 टक्के आणि दुसरीत 35. तरी लोक पहिलीचाच अर्ज भरतात, कारण शेजाऱ्याने तोच भरलेला असतो. या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. अर्ज भरण्यापासून बँकेपर्यंत मदत करणं हे त्यांचं काम आणि मोबदला त्यांना योजनेतून मिळतो, तुमच्याकडून नाही. योजनांना मुदत असते, म्हणून अर्जाआधी तालुका कृषी कार्यालयात ती चालू आहे ना एवढी खात्री करा.

मुद्रा कर्जात अनुदान नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. 50 हजारांपर्यंत शिशु, 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण. तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंतची नवी पायरी 2024 मध्ये आली. अनुदान नाही म्हणून ती वाईट असं अजिबात नाही. यंत्रसामग्री दीड-दोन लाखांची असेल तर सहा महिने अनुदानाच्या फायलीमागे फिरण्यापेक्षा मुद्रातून काम सुरू केलेलं बरं.

मराठा समाजातल्या तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. इथे कर्ज बँक देते, हप्ता वेळेवर भरला की व्याजाची रक्कम महामंडळ परत करतं. हप्ता चुकला की परतावा नाही, म्हणून पहिल्या महिन्यापासून शिस्त लागते. इतर समाजांसाठीही महामंडळं आहेत. त्यांची चौकशी जिल्हा कार्यालयातच करावी.

पायरी 5 : प्रकल्प अहवाल

झेरॉक्सच्या दुकानात दोन-तीन हजारांत 'रेडीमेड' रिपोर्ट मिळतो. त्यात पहिल्या वर्षी 60 टक्के क्षमता, दुसऱ्या वर्षी 70, तिसऱ्या वर्षी 80, नफा दरसाल वाढता. शाखाधिकारी असे रिपोर्ट रोज बघतो. तुमच्या वहीतले आकडे त्यात आले तर तो रिपोर्ट निराळा दिसतो. टाइप दुसऱ्याकडून करून घ्या हवं तर, पण आकडे तुमचे असू द्या, आणि कुठलाही आकडा विचारला तर तोंडी सांगता आला पाहिजे.

त्याच मसाल्याच्या ताईचं उदाहरण पुढे नेऊ. पल्वरायझर म्हणजे दळायचं यंत्र, भाजण्याचं यंत्र, पॅकिंग मशीन, शेडची दुरुस्ती आणि खेळतं भांडवल मिळून प्रकल्प 6 लाखांचा. गाव ग्रामीण, अर्जदार महिला, म्हणजे अनुदान 2 लाख 10 हजार आणि स्वतःचे 30 हजार. अनुदान वजा जाता फेडायचे 3 लाख 60 हजार. 11 टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर हप्ता सुमारे 7,800 रुपये. स्वतःचं यंत्र आल्यावर कांडपाच्या 30 रुपयांतले वीजबिल वगैरे सोडून 20 वाचले, म्हणजे थेट विक्रीत किलोला 134 सुटतात. तेव्हा महिन्याला 58-59 किलो मसाला थेट विकला की हप्ता निघाला. ताई वहीप्रमाणे आताच 40 किलो विकत असेल तर हे प्रकरण होण्यासारखं आहे. पाच किलो विकत असेल तर वर्षभर थांबावं, आणि हे बँकेने सांगण्याआधी आपणच स्वतःला सांगावं.

अहवालात हमखास सुटणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली वीज. मोठ्या पल्वरायझरला थ्री-फेज जोडणी लागते. घरच्या सिंगल फेजवर तो चालत नाही, आणि महावितरणची जोडणी, पोल, केबल यांचा खर्च व वेळ कुणी धरत नाही. यंत्र ओसरीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडलेलं आणि हप्ता मात्र चालू, असं त्यातून होतं. दुसरी गोष्ट खेळतं भांडवल. मिरची हंगामात, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, भाव उतरलेला असताना भरून ठेवावी लागते. तेव्हा लाखभर रुपये हातात नसतील तर पावसाळ्यात दीडपट भावाने घ्यावी लागते आणि वरचे 134 रुपये तिथेच संपतात. सगळे पैसे यंत्रात घालू नका. जमिनीची किंमत मात्र या प्रकल्पखर्चात धरत नाहीत, त्यामुळे ती घालून आकडा फुगवण्यात अर्थ नाही.

कोटेशन जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याचंच घ्या, एकाच यंत्राची दोन-तीन. बँक पैसे तुमच्या हातात देत नाही, थेट त्या विक्रेत्याच्या खात्यात पाठवते. "कोटेशन वाढवून देतो, वरचे तुम्हाला रोख परत करतो" असं सांगणारा भेटतोच. फुगवलेल्या आकड्याचा हप्ता पाच वर्षं तुम्हीच भरणार आहात.

पायरी 6 : बँकेत

जाण्यापूर्वी स्वतःचा सिबिल अहवाल, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीची नोंद, काढा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. स्कोअर कमी असेल तर कारण शोधा. बरेचदा ते मोबाईलच्या हप्त्याचे शेवटचे सातशे रुपये असतात, किंवा चुलतभावाच्या ट्रॅक्टरला राहिलेला जामीन. थकबाकी भरून दाखला घ्या, नोंद दुरुस्त व्हायला महिना-दीड महिना जातो, आणि मगच अर्ज.

शाखा तुमच्या गावाला जोडलेली असावी. सोमवारी सकाळी आणि महिनाअखेर टाळा. अर्ज ऑनलाइन भरला तरी शाखेत समक्ष जा, मालाचा नमुना, वही आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र बरोबर घ्या. घरचं माणूस सोबत असेल तर चालेल, पण बोलायचं अर्जदाराने. बाईच्या नावावर अर्ज आणि सगळी उत्तरं नवरा देतोय, हे दिसलं की फाइल तिथेच सैल पडते.

सूक्ष्म आणि लघुउद्योगाच्या निदान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. "सातबारा आणा, घर लिहून द्या" असं कुणी म्हणालं तर भांडू नका. "साहेब, हे हमी योजनेत बसवता येईल का?" एवढंच विचारा. या योजनेत तारणाऐवजी सरकारी न्यास बँकेला कर्जाची हमी देतो. विचारणाऱ्याला नियम माहीत आहे हे कळलं की बोलण्याचा सूर बदलतो. अर्जाची पोच घ्या. नामंजूर केला तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. "टार्गेट संपलं", "वर पाठवलंय", "पुढच्या आठवड्यात या" ही कारणं लेखी कुणी देत नाही, आणि लेखी मागितल्यावर कधी कधी खरं कारण बाहेर येतं. तरीही हललं नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचा व्यवस्थापक आणि जिल्हा उद्योग केंद्राचा महाव्यवस्थापक, या दोघांना पोचेच्या प्रतीसह अर्ज द्या.

एजंट 10 टक्के मागतो. सहा लाखांवर साठ हजार, म्हणजे वरच्या ताईच्या स्वतःच्या वाट्याच्या दुप्पट. पोर्टलवर अर्ज भरायला फी नाही.

पायरी 7 : मंजुरीनंतर

मंजुरीपत्र आलं म्हणजे अनुदान आलं नव्हे. आधी स्वतःचा वाटा भरायचा, सक्तीचं ईडीपी पूर्ण करायचं, मग बँक अनुदानाची मागणी करते. अनुदान तुमच्या हातात येत नाही. तीन वर्षं ते बँकेत तुमच्या नावाने मुदत ठेवीसारखं बाजूला राहतं. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षं युनिट चालू राहिलं, खातं थकलं नाही, तपासणीत सगळं जागेवर सापडलं, तर ते कर्जात वळतं होतं. मधेच यंत्र विकलं किंवा युनिट बंद पडलं तर गेलं. म्हणून पाटी लावा, यंत्रांचा विमा उतरवा, बिलं जपा आणि तपासणीला कुणी आलं तर त्या दिवसाचं उत्पादन दाखवता येईल असं ठेवा.

उधारीचंही बोलू. गावातल्या गिऱ्हाइकाची उधारी तुम्हीच सांभाळायची, तिला कायदा नाही. पण कंपनीला, मोठ्या दुकानाला किंवा सरकारी खात्याला माल दिला असेल तर उद्यम नोंदणीचा उपयोग इथे होतो. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार ऑनलाइन करता येते. बिलावर उद्यम क्रमांक छापा. नुसता छापलेला क्रमांक पाहूनसुद्धा काही हिशेबनीस चेक लवकर काढतात.

तीन वर्षं पुरी झाली की अनुदान आपोआप वळतं होईल या भरवशावर राहू नका. तोवर शाखेतले दोन-तीन साहेब बदललेले असतात आणि नव्या माणसाला तुमच्या प्रकरणाचा पत्ता नसतो. मुदत संपायच्या महिनाभर आधी लेखी अर्ज द्या. सोबत मंजुरीपत्र, अनुदान जमा झाल्याची नोंद, ईडीपीचं प्रमाणपत्र आणि तपासणी अहवालाची प्रत जोडा. आपल्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्या आणि तीच प्रत उद्योग केंद्रातही द्या. वळतं झाल्यावर कर्जखात्याचा नवा उतारा काढून, राहिलेल्या मुद्दलावर हप्ता बरोबर लागलाय ना, ते तपासा.